गुजरीतलं सराफी दुकान, आईचा साज आणि 2001 सालची तूट

हा अभिप्राय कोल्हापुरातल्या गुजरी या सराफ बाजारातल्या एका सराफी दुकानाचा आहे. दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण आईनं तशी अटच घातली. "काय झालं ते सगळं लिही, पण नाव घालू नगंस. त्याची नातवंडं शाळंत जात्यात." साज आईचा, फसवणूक आईची झाली, त्यामुळे शब्दही तिचाच चालणार. पण ज्यांच्या घरात पंचवीस-तीस वर्षांपूर्वीचा साज, बोरमाळ किंवा लाख भरलेला कुठलाही डाग (दागिना) आहे, त्यांनी शेवटपर्यंत वाचावं. दुकान कुठलंही असलं तरी हे उपयोगी पडेल.

काम काय होतं ते आधी सांगते. जुन्या साजाची लाख काढून नवी भरायची, पानं, म्हणजे साजातली छोटी पदकं, उजळायची आणि साज पुन्हा गाठवून घ्यायचा. काम उत्तम झालं. एकही पान चेपलं नाही, नक्षी बुजली नाही, माणकाचा खडा हलत होता तो घट्ट बसला. गाठवलंय इतकं सारखं की गळ्यात घातल्यावर डोरलं बरोबर मधोमध येतं. पूर्वी ते नेहमी डाव्या अंगाला सरकायचं आणि आई बोलता बोलता हातानं सरळ करायची. मजुरी घेतली नाही. ती का घेतली नाही, ते सांगण्यासाठीच हे सगळं लिहितेय.

साजाची पानं आपल्याकडं बहुतेकींना तोंडपाठ असतात. एकवीस पानं, दहा अवतारांची, आठ अष्टमंगळाची, एक माणकाचं, एक पाचूचं आणि एक डोरलं. मधे जवमणी. पण ही पानं भरीव नसतात हे सगळ्यांना ठाऊक नसतं. सोन्याचा पातळ पत्रा ठशावर ठोकून त्याला मासा, कासव, शंख असा आकार देतात आणि आतल्या पोकळीत लाख भरतात. लाखेमुळं पान चेपत नाही आणि हाताला भरीव लागतं. यात फसवणूक नाही, ती घडणच तशी आहे. फसवणूक होते ती काट्यावर. सगळा साज काट्यावर ठेवायचा, जे वजन येईल ते सोन्याचं म्हणून बिलात लिहायचं आणि लाखेचे, दोऱ्याचे पैसेही सोन्याच्या भावानं घ्यायचे.

आईनं हा साज 2001 साली केला, तोही स्वतःसाठी. आमच्या दोघी बहिणींची लग्नं होऊन गेली होती, भाऊ शिकत होता. वडील म्हणाले होते, आता तुझं काय ते कर. आमचं गाव प्रयाग चिखलीच्या बाजूला, पंचगंगेकाठी. दारात दोन म्हशी. दुधाचं दहा दिवसांचं बिल यायचं, त्यातलं थोडं थोडं ती डब्यात टाकायची. सोनं तेव्हा तोळ्याला साडेचार हजारांच्या आत होतं. पाच तोळ्यांचा साज करायला तिला किती बिलं साठवावी लागली असतील, याचा हिशेब मी कधी मांडला नाही, तिनंही सांगितला नाही. बिल मात्र तिनं जपून ठेवलं. कार्बन लावून लिहिलेलं, निळं, घडीवर फाटत आलेलं. त्यावर लिहिलंय: साज 1, निव्वळ सोने 50 ग्रॅम.

ऑगस्ट 2019 चा पूर कोल्हापूरकरांना सांगायला नको. राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी 43 फूट, आणि पाणी 55 फुटांच्याही वर गेलं होतं. आमच्या घराची मागची भिंत बसली, वैरण कुजली. पाणी उतरल्यावर पैसा हवा होता म्हणून आई साज घेऊन पतसंस्थेत गेली, मी सोबत होते. तिथल्या मूल्यांकन करणाऱ्या सराफानं साज हातात घेतला, दोन पानं नखानं वाजवून बघितली, काट्यावर ठेवला आणि म्हणाला, "मावशी, वजन पन्नास आहे, पण यात लाख भरपूर आहे. मी निव्वळ पावणेचार तोळ्यांच्या वर धरू शकत नाही." आईनं बिल पुढं केलं. त्यानं ते वाचलं आणि न बोलता परत दिलं. कर्ज मिळालं ते पावणेचार तोळ्यांवर. भिंत उभी राहिली, पण वैरणीला पैसा उरला नाही, आणि दोन म्हशींतली एक विकावी लागली.

साज सोडवून आणल्याबरोबर आम्ही गुजरी गाठली. गौरी-गणपतीचे दिवस, दुकान भरलेलं. थोरले सराफ गादीवर होते. आईनं हळू आवाजात सांगायला सुरुवात केली, तर ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "अठरा वर्षांनी तूट सांगायला आलात? मधे डाग कुणाकुणाच्या हातात गेला, कुणी पानं बदलली, ते आम्हाला काय ठाऊक? घरच्यांना विचारा." दुकानात आमच्या गल्लीतली एक बाई बसली होती, लेकीसाठी कानातली फुलं घ्यायला आलेली. आम्ही घरी पोचायच्या आत गावात बातमी पोचली होती. आईनं साजाची पानं बदलली आणि सराफाकडनं पैसे काढायला गेली, अशी. सव्वा तोळ्याच्या आसपासची तूट तिनं गिळली असती. ही बातमी तिला गिळता आली नाही. त्यानंतर गावातल्या एकाही लग्नात तिनं तो साज गळ्यात घातला नाही. घातला की बायका पानांकडं बघतात, असं म्हणायची.

तक्रार का केली नाही, असं मला खूप जणांनी विचारलं. करणार काय? वीस वर्षांच्या घरात गेलेला डाग. मधल्या काळात त्याला कुणी हात लावला नाही, हे सिद्ध कसं करायचं? बिल खरं, साजही खरा, पण त्या दोघांच्या मधली वर्षं साक्षीला कोण आणणार? वकिलांनीही तेच सांगितलं.

2025 साल उजाडलं आणि सोन्यानं तोळ्याला लाख रुपये ओलांडले. लोक कपाटातले जुने डाग काढून मोडीला आणायला लागले. दुकान आता धाकटे सराफ बघतात, थोरल्यांना एकदा अर्धांगाचा झटका येऊन गेलाय. मोडीत येणाऱ्या जुन्या साजांत त्यांच्याच दुकानाचे साज यायला लागले. मोड करताना लाख जाळून निव्वळ सोनं बघावंच लागतं. धाकट्यांनी एक बघितला, दोन बघितले. प्रत्येकाचं बिल त्यांच्याच दुकानाचं, अक्षर वडिलांचं आणि सोनं बिलापेक्षा कमी. हे त्यांनी मला स्वतः सांगितलं. पहिल्या गिऱ्हाइकाला त्यांनी फरक गुपचूप भरून दिला. मग माळ्यावरची जुनी बिलबुकं काढली आणि साजाची बिलं बाजूला केली. ज्यांचे पत्ते किंवा फोन सापडले, त्यांना एकेक करून फोन लावायला सुरुवात केली.

आमच्या घरी फोन भावानं उचलला. आईनं पलीकडचं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ज्या दुकानातनं मला तसं बोलून घालवलं, तिथं मी पाय ठेवायची न्हाई." आणि फोन ठेवला.

मग धाकटे सराफ गावी आले. मी त्या दिवशी माहेरी होते म्हणून हे डोळ्यांनी बघितलं. गाडी लांब उभी करून चालत आले, सोप्यावर बसले, पाणी घेतलं. म्हणाले, "मावशी, बिल आमचं, अक्षर वडिलांचं. साज द्या, आम्ही उघडून वजन करतो, जे कमी निघेल ते भरून देतो. तुम्हाला दुकानात यायला नको असेल तर मी इथंच आणून देतो. वडीलही येतील, आतल्या खोलीत बसून तुमच्याशी बोलतील." मला ते पटलं होतं. माणूस स्वतः चालत आलाय, द्यायला तयार आहे, आणखी काय पाहिजे?

आई म्हणाली, "आतल्या खोलीत कशाला? मला बोलले ते बाहेर. चार माणसांत. मी येते दुकानात, पण दसऱ्याच्या आधी, गर्दी असंल तवा. आणि माझ्यासंगं एक बाई असंल."

धाकटे सराफ थोडा वेळ गप्प बसले. दसऱ्याच्या आधीची गर्दी म्हणजे त्यांच्या वर्षाच्या धंद्याचे दिवस. मग म्हणाले, "या."

आईनं बरोबर नेली ती तीच गल्लीतली बाई. कशाला चाललोय ते तिला सांगितलं नव्हतं, अंबाबाईच्या दर्शनाला जाऊ आणि येताना गुजरीत डोकावू एवढंच. महाद्वार रोडला चालायला जागा नव्हती. दुकानात शिरलो तेव्हा काउंटरवर सात-आठ गिऱ्हाइकं होती. धाकट्यांनी आईला खुर्ची दिली आणि वडिलांना हाताला धरून बाहेर आणून गादीवर बसवलं.

थोरले सराफ आता वाळलेत. उजवा हात मांडीवर नुसता ठेवलेला. त्यांना बघून माझा राग ओसरेल असं मला वाटलं होतं, पण तो ओसरला नाही. आई मात्र त्यांच्याकडं शांतपणे बघत होती. ते म्हणाले, "बाई, तुमच्या साजात सोनं कमी गेलं." आईनं विचारलं, "तुमास्नी म्हाईत हुतं का?" काउंटरवरची माणसं तोवर वळली होती. ते खाली बघून म्हणाले, "होतं." आई म्हणाली, "मग ह्या बाईला सांगा." आणि गल्लीतल्या बाईकडं हात केला.

त्यांनी सांगितलं. तोंडाची एक बाजू नीट हलत नाही, त्यामुळं शब्द सावकाश आले, पण सगळे आले. "यांच्या साजाची पानं यांनी बदलली नव्हती. सोनं आमच्याच दुकानात कमी घातलं होतं. मी त्या दिवशी खोटं बोललो. माफ करा." शेवटचे दोन शब्द आईकडं बघून.

ती बाई काहीच बोलली नाही. पदर सावरत उभी राहिली. गावात परत गेल्यावर मात्र बोलली, आणि बरंच बोलली, हे मला भावाकडनं कळलं. खोटी बातमी जिच्या तोंडून गावभर गेली होती, खरी बातमीही तिच्याच तोंडून गेली. आईनं तिलाच का नेली, ते मला तेव्हा कळलं.

आईनं तिथं "माफ केलं" असं काही म्हटलं नाही. पिशवीतनं साज काढला, काउंटरवर ठेवला आणि धाकट्यांना म्हणाली, "काटा आधी रिकामा दावा." त्यांनी काट्यावर शून्य आणून दाखवलं. मग साज ठेवला. सगळ्यांसमोर वजन लिहून घेतलं आणि जमा केल्याची पावती दिली, पानांची संख्या आणि खड्यांसकट.

साज उघडण्याचं काम बघायला मी गेले होते, कारण ते आमच्यासमोर व्हावं असा आईचा आग्रह होता आणि दुकानाचीही हरकत नव्हती. दुकानाच्या वरच्या मजल्यावर कारागीर बसतात, बहुतेक बंगाली मुलं. दागिने गाठवणाऱ्या पटवेकऱ्यानं आधी दोरा कापून पानं सुटी केली. कारागिरानं एकेक पान चिमट्यात धरून बारीक ज्योतीवर मागून शेकलं. लाख मऊ झाली की सळईनं काढायची, पुन्हा शेकायची, पुन्हा काढायची. जळक्या लाखेचा वास खोलीभर झाला. माझ्या हातात मासा दिला तेव्हा मी दचकलेच. आत काहीच नव्हतं. खवल्यांची नक्षी बाहेरून जशी उठावाची तशीच आतून खोलगट दिसत होती, आणि पत्रा इतका पातळ की कारागीर पटकन म्हणाला, "दीदी, दाबू नका." चोवीस वर्षं आईनं जो जडपणा गळ्यावर अनुभवला, त्यातला चौथा हिस्सा त्या ताटलीत काळ्या खड्यांसारखा पडला होता.

निव्वळ सोनं भरलं 37 ग्रॅम 400 मिलिग्रॅम. तूट 12 ग्रॅम 600. पतसंस्थेच्या सराफानं नुसत्या नखानं वाजवून सांगितलेला आकडा जवळजवळ बरोबर निघाला, याचंही मला कौतुक वाटलं. कस तपासला तो मात्र बिलाप्रमाणं बावीस कॅरेटचा निघाला. म्हणजे सोनं चोख होतं, फक्त कमी होतं.

इथं जरा नियमाचं सांगते, कारण इथंच घोटाळा होतो. आपण हॉलमार्क बघतो आणि निर्धास्त होतो. हॉलमार्क सोन्याची शुद्धता सांगतो. 916 म्हणजे बावीस कॅरेट. 1 एप्रिल 2023 पासून सहा अक्षर-अंकांच्या एचयूआयडी क्रमांकाशिवाय हॉलमार्कचा डाग विकता येत नाही, आणि तो क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपवर तपासता येतो. शुद्धता कमी निघाली तर फरकाच्या दुप्पट भरपाई आणि तपासणीचा खर्च मिळावा, असा नियमही आहे. पण आईच्या साजात शुद्धता नाही, वजन कमी होतं. ते पकडायचं असेल तर बिलच वाचावं लागतं. बिलात सोन्याचं निव्वळ वजन, शुद्धता आणि हॉलमार्किंगचं शुल्क वेगळं लिहिलेलं असलाच पाहिजे. साज, बोरमाळ, पोहेहार असा लाखेचा डाग घेताना एकूण वजन किती आणि निव्वळ सोनं किती, असे दोन आकडे मागा. दोन्ही आकडे सारखेच लिहिले असतील तर तिथंच थांबा आणि विचारा.

या दुकानाचं आताचं बिल मी नीट बघितलं. एकूण वजन, लाख-मणी-दोऱ्याचं वजन, निव्वळ सोनं, असे तीन रकाने स्वतंत्र छापलेत. मजुरी निव्वळ सोन्यावर लावतात. ही पद्धत धाकट्यांनी दुकान हातात घेतल्यावर सुरू केली. आमच्यासमोर एका गिऱ्हाइकानं ठुशी घेतली तेव्हा विचारायच्या आधी तिला तिन्ही आकडे सांगितले.

भरपाई कशात द्यायची, यावर थोडी चर्चा झाली. दुकानाचे हिशेबनीस म्हणत होते, 2001 चा भाव लावून रक्कम आणि त्यावर व्याज देऊ. हिशेबाच्या वहीत ते सोयीचं पडतं, मला समजतं. पण त्या रकमेत आज दोन ग्रॅमही सोनं आलं नसतं, आणि व्याज धरूनही ते तोळ्याच्या जवळ पोचलं नसतं. धाकट्यांनीच त्यांना थांबवलं. "सोनं कमी दिलं होतं, सोनंच द्यायचं." 12 ग्रॅम 600 सोनं, बावीस कॅरेट, आजचा भाव काहीही असो. आईनं त्यात वहिनीसाठी ठुशी करायला सांगितली. ठुशी, एचयूआयडी, तीन रकान्यांचं बिल आणि साजाचं नवं बिल, ज्यावर आता निव्वळ सोने 37 ग्रॅम 400 असं लिहिलंय, हे सगळं एका पाकिटात मिळालं. जुनं निळं बिल दुकानानं मागितलं नाही. आईनंही दिलं नाही.

विकलेल्या म्हशीचं काय, असं मी धाकट्यांना विचारलं. माझ्या तोंडून ते गेलंच. कर्ज पूर्ण पाच तोळ्यांवर मिळालं असतं तर म्हैस गेली नसती. त्यांनी उत्तर देण्याचा प्रयत्नही केला नाही. "त्याचं माझ्याकडं काही नाही, ताई," एवढंच म्हणाले. मला हे उत्तर आवडलं. सगळं भरून निघालं असं त्यांनी एकदाही म्हटलं नाही, दुकानातल्या माणसांनीही नाही.

परत येताना भवानी मंडपाजवळ आम्ही दोघी बसलो. मी आईला म्हणाले, त्या माणसाच्या डोळ्यांत पाणीसुद्धा नव्हतं. ती म्हणाली, "रडून काय म्हस परत येणार हाय? त्यानं सांगितलं, त्या बाईनं ऐकलं. त्याचं मी सोडलं." मी विचारलं, मग पुढच्या खेपेला त्याच दुकानात सोनं घेशील? "घेईन की. पण काटा रिकामा दावल्याबिगर न्हाई."

माझं तसं नाही. धाकट्यांबद्दल माझ्या मनात काही उरलेलं नाही. वडिलांच्या लबाडीचा भार त्यांनी आपण होऊन उचलला. दाबून ठेवला असता तरी कुणाला कळलं नसतं. थोरल्यांचं मात्र मला अजून सुटत नाही. आईला ज्या आवाजात ते बोलले तो आवाज मी विसरलेले नाही. आईनं सोडलं म्हणून मीही सोडलंच पाहिजे, असं मला वाटत नाही, आणि आईनंही तसं कधी म्हटलं नाही. यंदा दिवाळीत तिनं साज घातला, भाऊबीजेला घातला, परवा गावातल्या एका साखरपुड्यालाही घातला. त्या दिवशी गळ्याकडं बघणाऱ्या बायकांना ती स्वतःच सांगत होती, लाख नवी भरलीय म्हणून.

आता दुकानाला पाचपैकी चार का, ते सांगते. एक तारा मी एका गोष्टीसाठी राखून ठेवलाय. जुन्या बिलबुकांत ज्यांचे पत्ते आहेत त्यांनाच फोन जातात. ज्या बाया नुसतं नाव सांगून डाग घेऊन गेल्या, ज्यांची गावं लिहिली नाहीत, ज्यांची घरं 2005 च्या, 2019 च्या, 2021 च्या पुरांत गेली आणि बिलंही गेली, त्यांना कसं कळणार? दुकानात एक पाटी लावावी: आमच्याकडचे जुने साज आणि लाखेचे डाग निव्वळ वजन तपासून घ्या, तूट असेल तर भरून देऊ. मी हे धाकट्यांना दुकानातच सांगितलं. त्यांनी नाही म्हटलं नाही. पण शेजारचे सराफ काय म्हणतील, सगळ्या गुजरीवर संशय येईल, असं म्हणाले. मला ती अडचण खरी वाटते. गुजरीत पिढ्यान् पिढ्या चोख धंदा करणारे सराफ आहेत, त्यांच्यावर शिंतोडे उडू नयेत. तरीही पाटी हवी. मी नाव लिहीत नाही, आई लिहू देत नाही. म्हणूनच ते त्यांनी स्वतः आपल्या दारावर लिहावं. गिऱ्हाइकानं येऊन भांडेपर्यंत थांबायचं नाही, हे त्यांना आमच्या घरी चालत येताना कळलं होतं.

ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी थोडं. जुना साज घेऊन कुठल्याही सराफाकडं गेलात तर लाख काढून बघण्याचं काम आपल्यासमोर करायला सांगा, आणि आधी पानं मोजून, खडे लिहून पावती घ्या. लाख काढल्यावर ती पुन्हा भरावी लागते आणि साज पुन्हा गाठवावा लागतो, त्याची मजुरी आधी ठरवा. घाई असेल तर दसरा-दिवाळी आणि लग्नसराई टाळा, कारागिरांना तेव्हा मान वर करायला वेळ नसतो. बिल हरवलं असलं तरी साज घेऊन जा. काही दुकानं पानाच्या किंवा फासाच्या मागं स्वतःचा बारीक शिक्का मारत, तो भिंगातून सापडू शकतो.

आमच्या गल्लीतल्या त्या बाईकडंही याच दुकानाचा साज आहे, त्याच सुमाराचा, आणि बिल पुरात गेलंय. गेल्या आठवड्यात ती आईकडं आली होती, कशी जाऊ म्हणून विचारत. आईनं तिला धाकट्यांचा नंबर दिला आणि सोबत जायचं कबूल केलं. साज आता दुकानात आहे, डोरल्याच्या मागं शिक्का सापडलाय, लाख अजून काढायची आहे. काय निघतं आणि दुकान बिलाशिवाय काय करतं, ते कळलं की इथंच लिहीन.